फाईलरावांचा पहिला तलाव

फाईलराव त्या दिवशी बादली आणायला गेले होते. फक्त बादली. एक दुकान बंद होत होतं आणि तिथे बादल्या स्वस्तात मिळताहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. दोन तासांनी ते परतले ते एक जुनी व्हॅन, लांब दांड्याची जाळी, तीन ब्रश, क्लोरीनचे चार डबे आणि अकरा गिऱ्हाइकांची यादी घेऊन. दुकानदार मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता. त्याने सहज विचारलं, "चालता धंदा आहे, घेता का?" आणि सव्वीस वर्षं दप्तरखान्यात फायली बांधून नुकतेच निवृत्त झालेले फाईलराव (हे नाव ऑफिसनेच दिलेलं) "हो" म्हणून बसले. (नाही म्हणायला त्यांना नेहमी वरिष्ठांची सही लागायची.)

"मी पुलांचं काम घेतलंय," त्यांनी दारातच बायकोला सांगितलं.

"पुलांचं? अहो, तुम्ही जोडलेलं स्टूल अजून डुगडुगतंय! लोक जीव मुठीत धरून जातील त्या पुलावरून!"

"तो पूल नव्हे गं. पोहायचा पूल. लोकांच्या घरामागे असतो ना, तो. मी तो साफ करणार."

बायकोने दाराबाहेरच्या व्हॅनकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "बरं. बादली आणलीत ना?"

बादली राहिली होती.

यादीत पहिलं नाव एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं होतं. उरलेल्या दहातले सात जण त्यांचे जुने विद्यार्थी. म्हणजे बाईंनी एकदा नापास केलं की धंदा आटोपला. शुक्रवारी सकाळी फाईलराव तिथे पोचले. तलाव लहानसाच, पण पाणी इतकं हिरवं की त्यातला बेडूक दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"रविवारी नातवंडं येणार आहेत," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत मला तळ दिसला पाहिजे. मागच्या माणसाने इतकी वर्षं नुसती पानं काढली."

पंपाच्या खोलीत फिल्टरवर एक हँडल होतं. ते सहा ठिकाणी फिरत होतं आणि सहाही ठिकाणची अक्षरं पुसून गेली होती. दुकानदाराने दिलेली माहितीपुस्तिका घरी राहिली होती. फाईलरावांनी बायकोला फोन लावला.

"चित्र सापडलं," बायको म्हणाली. "फिल्टर धुवायचा ना? मग हँडल डावीकडे दुसऱ्या खाचेत."

"डावीकडे म्हणजे कुणाच्या?"

"माझ्या!"

"तू कुठे उभी आहेस?"

"ओट्यापाशी!"

फाईलरावांनी डोळे मिटून ओटा आठवला, त्याच्याकडे तोंड केलं, हँडल फिरवलं आणि पंप सुरू केला. (पुस्तिका तिने उलटी धरली होती की ओटा त्यांनी उलटा आठवला, यावर त्या घरात आजही एकमत नाही.)

पंप छान घरघरू लागला. फाईलरावांनी समाधानाने बाईंना आपलं जाहिरातीचं पत्रक दिलं. तिथेच घात झाला. बाईंनी चष्मा लावला आणि लाल पेन काढलं.

"'स्वच्छ'मधला च कुठे गेला? बसा इथे."

फाईलराव बसले. ऱ्हस्व-दीर्घ झालं, अनुस्वार झाले, 'घरगुती पूल' हा शब्दप्रयोग का चुकीचा यावर वेगळा तास झाला. चहा दोनदा आला. दोन तासांनी कुंपणापलीकडून शेजारचे दंतवैद्य पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "तुमचा तलाव माझ्या बागेत आलाय."

सगळे घरामागे धावले. फिल्टर धुतला गेलाच नव्हता. हँडलने पाण्याला सरळ बाहेरची वाट धरायला लावलं होतं. तलावात आता फक्त शेवाळ, सडकी पानं आणि एक गोंधळलेला बेडूक होता. बाईंनी फक्त लाल पेनाचं टोपण लावलं. फाईलराव रिकाम्या तलावाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी घरी फोन केला.

"संपलं," ते म्हणाले.

"काय संपलं?"

"पाणी. आणि धंदाही."

"त्यांना तळच बघायचा होता ना? मग दिसतोय की! हलू नका, मी येते."

ती रबरी बूट घालून आली, बाईंशी चार शब्द बोलली, दंतवैद्यांची माफी मागितली आणि ब्रश घेऊन थेट खाली उतरली. दोघांनी संध्याकाळपर्यंत तळ घासला. मधेच भूक लागली तेव्हा दोघं तलावाच्या तळाशीच मांडी घालून डबा खायला बसली.

"सव्वीस वर्षांत तुमचं ऑफिस कधी पाहिलं नाही मी," बायको चारी भिंतींकडे बघत म्हणाली. "हे बरंय. हवेशीर आहे."

फाईलरावांनी आपल्या डब्यातला मोठा घास तिच्याकडे सरकवला.

मग रात्रंदिवस नळी चालू राहिली. दंतवैद्यांनीही आपली नळी कुंपणावरून टाकली (पाणी परत न्या म्हणाले). रविवारी सकाळी तळाची निळी फरशी आरशासारखी दिसत होती. बाईंनी वाकून बघितलं, वेळ घेतला आणि म्हणाल्या, "उत्तम." फाईलरावांना शाळेतसुद्धा हा शेरा कधी मिळाला नव्हता.

सोमवारी फोन वाजला. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून फाईलरावांनीच घेतला. पलीकडे दंतवैद्य होते.

"मालकीणबाई आहेत का? माझ्या बहिणीच्या घरचा तलाव साफ करायचाय. काय काम करतात हो त्या! फक्त एक विनंती. त्यांच्याबरोबर तो एक माणूस असतो ना, हँडल फिरवणारा, तो नवीनच दिसतो. त्याला या वेळी घरीच ठेवलं तर बरं. तुम्ही कोण बोलताय?"

फाईलरावांनी घसा साफ केला.

"मी त्यांच्या ऑफिसमधून बोलतोय," ते म्हणाले. "निरोप देतो."