नग एक, भिंगे दोन

मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया शिबिरात नाव नोंदवायचे असेल, तर रुग्णाने कॅमेऱ्यासमोर बसून दोन्ही डोळे पूर्ण उघडावेत, कॅमेऱ्याकडे स्थिर नजरेने पाहावे आणि सूचना दिसताच दोनदा पापण्या मिटाव्यात, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पूर्वी आम्ही कारकून लोक समोरचा माणूस पाहून नाव लिहीत असू. त्यात काही मेलेल्या माणसांच्याही शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या यशस्वी झाल्याचे अहवालही वर गेले. तेव्हापासून परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, कर्मचाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी केलेली खात्री ग्राह्य धरली जाणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून आहे. तालुक्याचे नाव सांगत नाही. सांगितले की खुलासा मागतात. नोंदणीचा टॅब माझ्या टेबलावर असतो. रांगेतल्या माणसाने पुढे यायचे, टॅबकडे पाहायचे आणि मी टॅब काय म्हणतो ते मोठ्याने वाचायचे, अशी आमची कामाची पद्धत आहे.

रामीबाई पहिल्यांदा आल्या त्या मुलाचा, बादलचा, हात धरून. बंजारा तांड्यावरची सत्तरीची बाई. अंगावर आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, फेटिया म्हणजे घागरा, आणि हातभर बांगड्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. डाव्या डोळ्याला फक्त उजेड कळत होता आणि उजव्याला माणसाचा आकार. अठरा तारखेच्या शिबिरात उजवा डोळा झाला नाही तर पुढचे शिबिर वर्षाने, आणि तोवर डोळा हातचा जाईल, असे डॉक्टरांनी बादलला सांगितले होते.

"आजी, डोळे उघडा," मी टॅबवरचे वाचले.

"उघडेच हायेत, बाप्पा."

"डोळे पूर्ण उघडा."

"सायब, याडीचे डोये उघडेच हायेत," बादल म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "तुमीच पाहा ना."

"मी पाहून उपयोग नाही," मी म्हणालो, आणि परिपत्रक त्याच्या पुढे सरकवले. टॅब डोळ्यातली काळी बाहुली शोधतो. ज्या कारणासाठी शस्त्रक्रिया करायची त्याच कारणाने बाहुली दिसत नव्हती. हे मी समजावून सांगितले. त्या दोघांना ते पटले नाही, याचे मला वाईट वाटले. मागे रांगेत कुणीतरी म्हणाले, "चाला ना आजी, आटपा लवकर."

दुसऱ्या दिवशी बादलने आईच्या पापण्या बोटांनी वर धरल्या. टॅब म्हणाला, 'चमक जास्त आहे. कृपया चमकदार वस्तू दूर करा.' म्हणजे कांचळीवरचे आरसे. रामीबाईंनी विचारले, "हे काढून बसू काय कचेरीत?" यावर परिपत्रकात मार्गदर्शन नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या शेजारणीची सुती साडी नेसून आल्या. अवघडून बसल्या. या वेळी टॅबने फोटो एकदाचा घेतला आणि कळवले की चेहरा जुळत नाही, कारण कार्डावरच्या फोटोत आरसे आहेत. तीन प्रयत्न संपले. पडद्यावर लाल अक्षरे आली: 'लाभार्थी प्रतिसाद देत नाही. पुढील प्रयत्न नव्वद दिवसांनी.'

"अठराले बारा दिवस हायेत," बादल म्हणाला. "नव्वद दिवसानं कोन्ता डोया दाखवू तुमाले?"

रामीबाई उठल्या. नात अंजूच्या लग्नाची कांचळी अर्धी शिवून पडली आहे, सुईत दोरा जात नाही, एवढेच त्या बोलल्या. कुणाला उद्देशून, ते कळले नाही. मागून पुन्हा तोच आवाज आला, "झालं काय?" मी पुढचा क्रमांक पुकारला.

त्याच आठवड्यात वरून पत्र आले. विषय: असहकारी वस्तूंभोवती कॅमेऱ्याच्या साहाय्याने यानाचे स्वयंचलित दिशादर्शन, चाचणीस सहकार्य करणेबाबत. दिग्रसच्या बाजूला कापसाची एक जिनिंग मिल बरीच वर्षे बंद आहे. तिची शेड लांबरुंद, आणि दारे लावली की भरदुपारी आत मिट्ट काळोख. अवकाशासारखी जागा एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही म्हणून पुण्याच्या एका संस्थेने ती निवडली होती. आमच्या कचेरीचा प्रतिनिधी म्हणून साहेबांनी मला पाठवले. कारण पत्रात कॅमेरा हा शब्द होता आणि कॅमेरा माझ्याकडे होता.

तिथल्या प्रमुख दीपाली नावाच्या अभियंता होत्या. दारव्ह्याच्या, वयाने तिशीच्या. रुळांवर एक गाडा, गाड्यावर एकच कॅमेरा, त्याला जोडलेला पडदा, आणि समोर एक फिरता ओटा, एवढाच पसारा. ओट्यावर निकामी उपग्रहाचा नमुना ठेवायचा होता. पण नमुना ट्रकसकट नाक्यावर अडकला होता. कागदावर 'निकामी' लिहिलेले असल्याने तो कोणी निकामी केला याचा दाखला नाक्यावाल्यांनी मागितला होता. मला ते रास्त वाटले.

"असहकारी म्हणजे नेमके कोण?" मी विचारले. पत्राला उत्तर द्यायचे तर व्याख्या लागते.

"बंद पडलेला उपग्रह. रेडिओ नाही, दिवा नाही, ओळखायला अंगावर खूण नाही. स्वतःभोवती गडगडत फिरतो. एका बाजूनं त्याच्या अंगावरच्या चकचकीत पन्नीनं डोळे दिपतात, दुसऱ्या बाजूनं अंधार. आमच्या यानानं नुसतं बघून ठरवायचं, की हा काय आहे, कसा फिरतोय, किती लांब आहे. आणि धक्का न लावता जवळ जायचं."

"त्याला आधी नोटीस देत नाही?"

"त्याला ऐकू येत नाही."

"मग त्याने सहकार्य केले नाही तर जबाबदारी कोणावर?"

"आमच्यावर," त्या म्हणाल्या. "तो मदत करू शकत नाही, हे धरूनच आम्ही सुरुवात करतो."

बावीस वर्षांच्या नोकरीत असे वाक्य मी प्रथमच ऐकले. डायरीत लिहून घेतले आणि खाली 'तपासावे' असा शेरा मारला.

त्या जिनिंगचा चौकीदार बादलच होता. आईला घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून तो तिला सोबत आणून दाराशी खाटेवर बसवत असे. रामीबाई पुन्हा आपल्या कपड्यांत होत्या. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आली, आरशांवर पडली, आणि शेडच्या मधोमध उभ्या असलेल्या गाड्यावरचा कॅमेरा आपोआप त्यांच्याकडे वळला.

"कुणी हलू नका," दीपाली म्हणाल्या. बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग खाटेजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. "आजी, आमचं सामान येऊन नाही राह्यलं. तुम्ही थोडा वेळ त्या ओट्यावर बसता काय? हळूहळू फिरते तो."

"मले काय करा लागते?"

"काहीच नाही."

"डोये उघडा लागतात?"

"तुमच्या मनानं."

"मंग बसते," रामीबाई म्हणाल्या. "असं हापिस म्या पयल्यांदाच पाह्यलं."

दारे लागली. एक दिवा सूर्य म्हणून लावला. ओटा फिरू लागला. आरसे झगमगत आणि विझत होते, आणि गाडा कुणी न ढकलता पुढे सरकत होता. थांबे, अदमास घेई, पुन्हा सरके. पडद्यावर हिरवे ठिपके शेकड्यांनी उमटले आणि एकेक करून गळाले. शेवटी दोनच असे उरले की रामीबाईंचे तोंड समोर आले की नेमके तिथेच उमटत.

"हे कसले?" मी विचारले.

"यंत्र भरवशाच्या खुणा शोधतं. आरसे फसवतात, ते त्यानं सोडून दिले. या दोन शेवटपर्यंत धरून ठेवल्या."

ते दोन ठिपके रामीबाईंच्या पांढऱ्या डोळ्यांवर होते. गाडा त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. मला कसेसेच झाले. प्रतिनिधीला कसेसे होण्याची तरतूद नसल्याने मी तसे दाखवले नाही.

बादलने नोंदणीची सगळी हकीगत दीपालींना सांगितली असावी, कारण तिसऱ्या दिवशी तो चाचणीचा छापील अहवाल घेऊन कचेरीत आला. 'वस्तू: असहकारी. ओळख: निश्चित. अंतरातील चूक: दोन सेंटिमीटर.' खाली दीपालींनी पेनाने लिहिले होते, 'दोन्ही डोळे संपूर्ण वेळ उघडे होते.' मी अहवाल साहेबांपुढे ठेवला.

"पेनाने लिहिलेले ग्राह्य नाही," साहेब म्हणाले. "छापील काय आहे?"

"वस्तू, असहकारी."

"आपल्या टॅबनेही प्रतिसाद नाही असेच म्हटले होते. म्हणजे दोन यंत्रणांचे एकमत झाले." साहेबांना समाधान वाटले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण अतुलराव, वस्तू असेल तर हे प्रकरण तुमच्या टेबलावर आले कसे? वस्तू भांडार शाखेकडे जातात."

साहेब माणूस वाईट नाही. कागद वाचतात आणि कागदाप्रमाणे करतात. भांडार शाखेचा कार्यभारही माझ्याकडेच असल्याने मी दुसऱ्या कपाटातून कचेरीच्या सामानाचे डेड स्टॉक रजिस्टर काढले. अनुक्रमांक ४१६ वर तीन पायांची खुर्ची होती. ४१७ वर मी लिहिले: रामीबाई, असहकारी, नग एक.

लिहिता लिहिता शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेले, 'दुरुस्ती'. डेड स्टॉकमधली वस्तू दुरुस्तीला पाठवायची असेल तर नियम अगदी सोपा आहे. फोटो लागत नाही, पापण्या मिटाव्या लागत नाहीत. भांडारपालाची आणि साहेबांची सही पुरते. 'बिघाड' या रकान्यात मी लिहिले, 'समोरचे स्पष्ट दिसत नाही.' 'दुरुस्तीचे स्वरूप' यात लिहिले, 'भिंगे बदलणे, नग दोन.'

"प्रोजेक्टर का?" सही करता करता साहेबांनी विचारले.

"जुना आहे, साहेब," मी म्हणालो.

दुरुस्तीची यादी मी शिबिरवाल्यांकडे पोचवली आणि त्यांनी ती घेतली. एकही रकाना रिकामा नव्हता, त्यामुळे त्यांना विचारण्यासारखे काही उरले नाही. उजवा डोळा अठराला झाला, डावा महिन्याभराने जिल्हा रुग्णालयात, त्याच कागदावर. मला आनंद झाला, हे येथे नमूद करतो. अंजूचे लग्नही नव्या कांचळीत पार पडले.

मात्र नोंद ही नोंद असते. दरवर्षी मार्चअखेर डेड स्टॉकची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि प्रत्येक नग समोर हजर लागतो. बादलला निरोप धाडला. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे रजिस्टरात मान घालून क्रमांक पुकारत होतो.

"चारशे सतरा."

"हाये."

मी बरोबरची खूण केली. पुढचा क्रमांक पुकारणार तोच टेबलाशी बांगड्या वाजल्या.

"डोये उघडा, डोये उघडा म्हनत होता तो तूच काय?"

"हो, आजी."

"तवा मले दिसत नव्हतं," रामीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या मला नीट निरखत होत्या. "तुले तं दिसत होतं ना, बाप्पा?"

मी रजिस्टरात शाईचा डाग शोधू लागलो. ४१७ ची नोंद रद्द करता येते का, तेही नियमात पाहिले. येते. त्यासाठी नगाने कॅमेऱ्यासमोर बसून आपण वस्तू नसल्याची खात्री पटवायची असते, पापण्या दोनदा मिटून. टॅबमधल्या जुन्या फोटोत डोळे पांढरे आहेत, त्यामुळे जुळायचे नाहीत. मी ते त्यांना सांगितले नाही.

हे वाचून तुम्ही मला हसाल. हसा. मागच्या महिन्यात तुमच्या फोनने तुम्हाला मान डावीकडे वळवायला, मग उजवीकडे, मग पापण्या मिटायला सांगितले, तेव्हा तुम्ही काय केलेत ते मी विचारत नाही. मला फक्त एक सांगा. त्या दिवशी रामीबाईंच्या मागे रांगेत उभे राहून "चाला ना आजी, आटपा लवकर," असे कोण म्हणाले होते? मी मान वर करून पाहिले नव्हते. पण आवाज ओळखीचा होता.