काकांचा गंधार

पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर माझ्या लॅपटॉपवरची पेटी एक लाख भागांत मोजते. एक लाख! चिंचोळीच्या ऑफिसात मी हे इतक्यांदा सांगितलंय, की डबा खाताना माझ्याजवळ आता कुणी बसत नाही. त्यामुळे शरणम्मा काकीची अडचण मीच सोडवणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अडचण अशी. सिद्धप्पाकाकांच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला आणि आतल्या सुरांच्या पत्त्या गंजून गेल्या. त्या पेटीचा गंधार काकांनी स्वतः पत्ती घासून, आपल्या कानाला गोड लागेल इतका उतरवला होता. काका लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, त्यानंतरही काकी त्याच गंधारावर लिंगायत संतांची वचनं गायची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिचं गाणं ऐकायला सगळी गल्ली जमते. यंदा ती म्हणाली, तो गंधार नाही तर गाणंही नाही.

मोबाइलमध्ये काकांच्या पेटीचं जुनं रेकॉर्डिंग सापडलं. त्यातून गंधार मोजून मी लॅपटॉपमध्ये भरला. सोमवारी बायका जमल्यावर मी रुबाबात पट्टी दाबली.

काकी म्हणाली, "हा ह्यांचा न्हाय."

मी डगमगलो नाही. माउसने गंधार किंचित उतरवला. काकीची मान नकारार्थीच. चढवला, तरी तेच. मग शेजारच्या मायाक्काला तो जड वाटला आणि तिच्या जावेला पातळ. हा गंधार आहे की आमटी, तेच मला कळेना! पंखा चालू असून शर्ट पाठीला चिकटला. एवढ्यात काकीने डोळे मिटले आणि वचन सुरू केलं. गल्ली चिडीचूप झाली. मलाही भरून आलं. गाणं संपल्यावर लाखाव्या भागाचं महत्त्व मी सगळ्यांना चहाबरोबर समजावून सांगितलं.

मंडळी पांगली. सामान आवरताना माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. 'स्वतःचे सूर वापरा' या ओळीपुढच्या चौकोनात टिकच नव्हती! म्हणजे मी जे चढवलं-उतरवलं, त्यातलं काहीच आवाजापर्यंत पोचलं नव्हतं. सगळा वेळ सॉफ्टवेअरबरोबर आलेला साधा गंधार वाजत होता.

मग तुला तो पटला कसा, असं मी काकीला विचारलं.

"पटला कुटं? तू लई घामाघूम झाला हुतास. मग मीच त्या सुराकडं जरा सरकले."

मी रेकॉर्डिंगमधून मोजलेला गंधार परत भरला, टिक केली आणि पट्टी दाबली. काकीच्या हातातली बशी हातातच राहिली. तिने मला तो सूर पुन्हा वाजवायला लावला, मग आणखी एकदा. पदराने डोळे पुसले.

"हा ह्यांचाच की. इतका वेळ कुटं हुता?"

इथंच होता, असं मी पुटपुटलो. उष्टे कप तसेच ठेवून काकीने तेच वचन पहिल्यापासून म्हटलं. ऐकायला मी एकटाच होतो. गाणं संपल्यावर लाखाव्या भागाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. गुपचूप कप विसळायला घेतले.