आपत्ती आल्याशिवाय उघडू नये

बाबांनी बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली, तेव्हा एक माणूस सोडून घरातले सगळे हसले. न हसलेला माणूस चार वर्षांचा होता आणि त्याचा हत्ती आत अडकला होता.

या माणसाला घरात भिंगरी म्हणत. हत्तीचं नाव गब्दू. तो कापडी होता, त्याचा एक कान चघळून चघळून संपला होता आणि तो कुशीत असल्याशिवाय भिंगरीला झोप येत नसे.

लोकांच्या घरात पाणी शिरलं, छप्पर उडालं, की विमा कंपनीतर्फे मोजपट्टी घेऊन तिथे जायचं, ही बाबांची नोकरी. दुसऱ्यांची पडझड बघून बघून त्यांनी स्वतःच्या घरासाठी ही बॅग भरली होती. तिच्यात टॉर्च होता, औषधं होती, दोर, शिट्टी, प्रत्येकाचे कोरडे कपडे होते. शिवाय प्रत्येकाची एकेक जिवाभावाची वस्तू. "संकटात मनाला आधार लागतो," असं बाबांचं म्हणणं. म्हणून भिंगरीचा गब्दू आत गेला आणि आजीचा रेडिओसुद्धा.

"आणि आपत्ती येईपर्यंत मी काय ऐकू?" आजीने विचारलं.

"माझं ऐक."

"तुझं ऐकूनच रेडिओ दिला ना."

आई म्हणाली, "माझी जिवाभावाची वस्तू बॅगेत मावणार नाही. दुपारची झोप आहे ती."

खरी गोम तिथेच होती. भिंगरी दुपारी झोपायची तेवढा एकच तास आईचा असे. आता गब्दू नाही म्हणून भिंगरी झोपेना आणि भिंगरी झोपेना म्हणून आई झोपेना. आठवडाभरात आईने चहात मीठ घातलं, फोन फ्रीजमध्ये ठेवला आणि एका पायात स्वतःची, एका पायात बाबांची चप्पल घालून बाजार करून आली.

"अरे, एकदा उघड ना ती. हत्ती काढू आणि परत बंद करू," आई म्हणाली.

"एकदा उघडली की तिचं कपाट होतं," बाबा म्हणाले. "मग कोणीतरी कात्री नेणार, कोणीतरी टॉर्च नेणार. आपत्ती आली की उघडायची. नियम म्हणजे नियम."

भिंगरीने नीट ऐकून घेतलं.

"बाबा, आपत्ती म्हणजे काय?"

"भूकंप, वादळ, पूर, असं काहीतरी."

"भूकंप कसा करतात?"

"करत नाहीत गं, होतो."

भिंगरीला हे पटलं नाही. ती पलंगावरून धबाधब उड्या मारत राहिली. खालच्या काकांनी छताला काठी ठोकली, पण बॅग उघडली नाही. मग तिने पंखा मोठा करून सगळी वर्तमानपत्रं उडवली. बाबांनी ती गोळा करून तिलाच घड्या घालायला लावल्या. वादळसुद्धा वाया गेलं. त्या संध्याकाळी ती बराच वेळ आजीच्या मांडीवर बसून आजीच्या कानात कुजबुजत होती.

रविवारी दुपारी आई भिंगरीला गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपली. बाबा हॉलमध्ये कपाट भिंतीला पट्ट्यांनी आवळत होते. एवढ्यात त्यांच्या पायाला गार लागलं. बाथरूमच्या दारातून पाणी येत होतं आणि त्यावर आईची एक चप्पल डुलत डुलत बाहेर निघाली होती.

खरं सांगायचं तर बाबांचा चेहरा फुलला.

"सगळे शांत राहा," ते ओरडले. ओरडत होते ते एकटेच. किल्ली काढून ते बॅगेकडे धावले, तर भिंगरी तिथे आधीच हात पुढे करून उभी. तिच्या मागे आजी.

"तुम्ही इतक्या लवकर कशा पोचलात?"

"आम्ही वाट बघत होतो," भिंगरी म्हणाली.

कुलूप निघालं. भिंगरी गब्दूला घेऊन आत पळाली. आजीने रेडिओ उचलला. बाबांनी भर उन्हाच्या दुपारी टॉर्च लावला. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालचे काका छत्री उघडून उभे.

"बाहेर पाऊस आहे?" बाबांनी विचारलं.

"बाहेर नाही, माझ्या स्वयंपाकघरात आहे."

"काका, घाबरू नका. आमची सगळी तयारी आहे."

"तयारी असू द्या हो. नळ बंद केलात का?"

नळ कोणीच बंद केला नव्हता.

बाबा धावत गेले. नळ फिरवायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले, इतका तो घट्ट होता. मग सवयीप्रमाणे गुडघ्यावर बसून त्यांनी पाहणी केली. पाणी जायच्या जाळीत भिंगरीचा मोजा कोंबलेला होता. पण नळ होता बाबांच्या छातीएवढ्या उंचीवर. भिंगरीचा हात टाचा उंच करूनही तिथे पोचला नसता.

ते हॉलमध्ये आले. आजी सोफ्यावर पाय वर घेऊन रेडिओ ऐकत होती. तिची साडी पोटरीपर्यंत भिजली होती आणि उजवी बाही कोपरापर्यंत.

"आई, नळ कोणी उघडला?"

"शू. गाणं संपू दे."

"नळ कोणी उघडला म्हणजे?" काकांनी छत्री मिटली. "तुम्ही तर यातले जाणकार. सांगा ना, कशामुळे झालं हे?"

बाबांनी आतल्या खोलीत डोकावलं. गब्दूचा उरलेला कान तोंडात धरून भिंगरी गाढ झोपली होती. तिच्या अंगावर हात टाकून आई झोपली होती. एवढ्या गोंधळात आईने कूससुद्धा बदलली नव्हती.

बाबांनी दार हळूच ओढून घेतलं.

"नैसर्गिक आपत्ती," ते म्हणाले. "आणि काका, जरा हळू बोला."

मग त्यांनी बॅगेतून सगळ्यांचे कोरडे कपडे काढले आणि त्याच कपड्यांनी ते फरशी पुसायला बसले.