साडेनऊचं विमान

"जेवलाय," असं कुंडलिकराव बोलून गेले आणि तिथंच फसले.

तसे ते बोलणाऱ्यातले नव्हते. बारामतीच्या कॅनॉल खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, तीसुद्धा बहुतेक मान हलवून. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून लष्कराच्या मोडीतला एक रेडिओ आणला. त्यावर गाणी नीट लागत नसत. पण हेडफोन लावला की डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे वैमानिक मुंबईशी बोलताना ऐकू येत. म्हणजे खरखर येई, आणि खरखरीतून थोडं इंग्रजी. वेळ, उंची, ढग. कुंडलिकराव ते वहीत टिपत आणि प्रत्येक ओळीपुढं 'बहुधा' असं लिहीत.

"लोकांचे नवरे रिटायर होऊन देवळात जातात," सिंधुबाई म्हणायच्या, "आमचे दुसऱ्यांची बोलणी चोरून ऐकतात."

इतक्या नेमक्या शब्दांत कुंडलिकरावांनाही आपला छंद सांगता आला नसता.

त्या दिवशी शेजारच्या प्रयागबाई दूध घालायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोन बोलतंय, तात्या?"

"विमानातला माणूस. मुंबईशी बोलतोय."

"मुंबईच्या इमान कंपनीत तर आमचा सर्जेराव हाय! दोन म्हैनं झालं, कागद न्हाय. इचारा की, जेवला का."

"बाई, यातून विचारता येत नाही. नुसतं ऐकता येतं."

"मंग ऐका की, जेवला का त्ये."

प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. कुंडलिकरावांच्या कानात कुणीतरी नऊ हजार फूट म्हणत होतं. त्यांनी एकदा वहीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं.

"जेवलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला प्रयागबाई हजर. दुधाचं माप वाढलं होतं. आज खरं सांगू, असं कुंडलिकराव रोज आंघोळ करताना ठरवत आणि साडेनऊला सर्जेरावाला जेवू घालत. एकदा त्यांना वाटलं, सगळंच चांगलं सांगतोय, संशय यायचा, म्हणून चाचरत म्हणाले, "जरा खोकला झालाय." तासाभरात बाई अडुळशाचा काढा घेऊन आल्या. तो वर कसा पाठवायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सिंधुबाईंनी तो कुंडलिकरावांना पाजला.

पंधरा दिवसांत सर्जेराव विमान चालवतो, हे साऱ्या आळीला ठाऊक झालं. हे आपण कधी म्हणालो, ते कुंडलिकरावांना आठवेना. पण म्हणालो नाही, अशीही खात्री वाटेना. शेवटी त्यांनी सर्जेरावाला कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकलं : 'तू नेमकं काय काम करतोस, ते कृपया कळव.'

उत्तराआधी काटेवाडीचे आप्पासाहेब आले. ऊसवाले, फेट्याचे. त्यांची विजयमाला सर्जेरावाला सांगून आलेली. मुलाची चौकशी शेजारच्या शहाण्या माणसाकडं करायची, आणि आळीत शहाणं म्हणजे ज्याच्या घरी पुस्तकं आहेत ते. प्रयागबाई पदर सावरून आधीच येऊन बसल्या होत्या.

"तात्या, पोर द्यायची हाय," आप्पासाहेब म्हणाले. "पोरगा इमानातच असतो, ह्ये खरं का?"

हो म्हणावं तर एका मुलीचा जन्म खोट्यावर बांधायचा. नाही म्हणावं तर एका आईचं जुळत आलेलं मोडायचं. तेवढ्यात वर घरघर सुरू झाली.

"आला बगा!" प्रयागबाई ओरडल्या. "ऐका, ऐका!"

कुंडलिकरावांनी हेडफोन चढवला आणि कुणाचंच तोंड दिसू नये म्हणून डोळे मिटले.

"बोलतोय... इंदापूरकडं निघालाय... नऊ हजार फूट. प्रकृती उत्तम. आईची आठवण काढतोय..."

बोलून झालं. त्यांनी डोळे उघडले. दारात पिशवी घेऊन सर्जेराव उभा होता.

"तात्या, तुमचं पत्र मिळालं," तो म्हणाला. "म्हटलं, काय झालं म्हनून रातच्याच येष्टीनं आलो."

पहिल्यांदा भानावर आल्या त्या प्रयागबाई. "आरं, तू वर हायस न्हवं? मंग हितं कसा?"

"वर? मी कवा इमानात उडलोच न्हाय, आई. जेवनाचे डबे चढवतो मी. दार लागलं की आमी माघारी."

कुंडलिकराव उठून उभे राहिले. हेडफोनची तार ताणली गेली तशी मान वाकडी करून म्हणाले, "आप्पासाहेब, चूक माझी आहे. मी..."

"थांबा वो!" आप्पासाहेबांनी त्यांना हातानंच बसवलं आणि सर्जेरावाकडं वळले. "म्हंजे जिमिनीवरच असतोस?"

"व्हय जी."

"कायमचा?"

"व्हय."

"आरं, मग आधी न्हाय का सांगायचं!" आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "जावई वरनं पडला म्हंजे काय करायचं, म्हनून आमच्या मंडळींनी आठ दिस डोळ्याला पदर लावलाय. मी नकार द्यायला आलो हुतो! वैनी, चहा टाका. साखरपुड्याचं बोलू."

कुंडलिकरावांनी त्यानंतर दोनदा "चूक माझी" म्हणून पाहिलं. एकदा त्यांच्या हातात चहा दिला गेला, दुसऱ्यांदा पेढा.

सर्जेराव मुंबईला परतला. कुंडलिकरावांनी रेडिओवर धुतलेलं धोतर टाकलं. पण साडेनऊला दारात प्रयागबाई.

"बाई, आता कशाला?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "तो वर नसतो."

"म्हाईत हाय. पर डबा तर त्याचा हाय ना? वरचा जेवला का बगा."

"मला कळत नाही हो! खरं सांगतो, कधीच कळलं नव्हतं." आणि आयुष्यात प्रथमच धीर करून त्यांनी हेडफोन काढून बाईंच्या हातात ठेवला. "तुम्हीच ऐका."

प्रयागबाईंनी पदरावरूनच तो कानांना लावला. डोळे मिटले. घरघर डोक्यावर आली, इंदापूरच्या दिशेनं गेली, विरली. त्यांनी हेडफोन काढून परत दिला.

"जेवलाय," त्या म्हणाल्या. "पोट भरून." आणि दुधाची चरवी उचलून निघून गेल्या.

कुंडलिकरावांनी वही उघडून लिहिलं : 'साडेनऊ. उंची नऊ हजार फूट, बहुधा. आकाश निरभ्र, बहुधा. जेवण झाले.'

या शेवटच्या दोन शब्दांपुढं काही लिहावं, असं त्यांना वाटलं नाही.