अक्कांची सहा हजार पावलं

आमच्या गल्लीतले शिवराम आबा रोज सकाळी दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून फिरायला निघतात. डाव्या हातात काळ्या पट्ट्याचं, उजव्या हातात गुलाबी. सदऱ्याच्या दोन खिशांत दोन मोबाइल, त्यामुळे सदरा पुढून लोंबलेला. घड्याळं वेळ सांगणारी नव्हेत, पावलं मोजणारी. वेळ आबांना रेल्वेच्या शिट्टीवरून कळते.

पण मला गंमत वाटायची ती पुढची. चार फेऱ्या झाल्या की आबा माझ्या फाटकाशी येऊन खाडकन थांबायचे, गुलाबी घड्याळ सोडायचे आणि फाटकाच्या खिळ्याला अडकवायचे.

"मॅडम, हाई घड्याय आठेच राहू द्या. हालाले नको."

मग काळं घड्याळ घेऊन ते उरलेली दोन हजार पावलं पुरी करायला जायचे. परत येताना गुलाबी घड्याळ तळहातावर सपाट ठेवून, हात जराही न हलवता, भरलेली वाटी सांडू नये तसे हळूहळू घरी जायचे.

मी चोपड्याहून बदली होऊन पाचोऱ्याला आले त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. शाळेत गणित शिकवते. स्वभाव माझा तिरकस आहे हे मला ठाऊक आहे. वर्गातली पोरंही सांगतील. एकदा मी न राहवून विचारलं, "आबा, त्या घड्याळाला काय झालं? दमलं का?"

आबा हसले नाहीत. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तिनं व्हई गयं."

तिचं झालं, म्हणजे कुणाचं ते कळलं नाही. म्हटलं, असेल म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ.

आबा रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या तुळयांना, धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या ढिल्या झाल्यात का हे बघत, खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेला पट्टा पायी चालायचा, ही त्यांची नोकरी. ढिली दिसली की ठोकायची, पुढे जायचं. ठरलेल्या दगडापर्यंत जायचं आणि तिथूनच वळायचं, एक पाऊल अलीकडे नाही की पलीकडे नाही. तेहतीस वर्षं हे केलेला माणूस निवृत्त झाला तरी पाय निवृत्त होत नाहीत. आबा डांबरी रस्त्यावरही स्लीपरच्या मापानेच पाऊल टाकतात आणि मान खाली घालून चालतात. रस्त्यात खिळा, बोल्ट, नट काहीही दिसलं की उचलून खिशात. मोबाइलसोबत तेही लोंबतं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं आहे. "एक राही गयं ते?" म्हणजे, एखादं राहून गेलं तर? कुलूप लावलं, चार पावलं गेले, की "एक राही गयं ते?" म्हणत परत. गॅसचं बटण, नळ, देवापुढचा दिवा, सगळ्याला हाच प्रश्न. भाचीच्या लग्नात म्हणे पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठले होते. आदल्या दिवशीची एक चावी ठोकली की नाही हे आठवेना. तीन किलोमीटर चालत गेले, चावी घट्ट होती, परत आले तोवर पंगत उठली होती. आबा हे सांगतात तेव्हा ऐकणारे हसतात. ते स्वतः मात्र आजही त्या चावीला घाबरतात.

खरं प्रकरण मला कळलं ते तिळगूळ द्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हा. आबा फिरायला गेले होते. आतून बारीक आवाज आला, "कोण शे? आत ये बाई."

अक्का, म्हणजे आबांची बायको, खाटेवर पडून होत्या. दिवाळीनंतर मोरीत पाय घसरला आणि खुब्यावर आपटल्या. तेव्हापासून भिंत धरून मोरीपर्यंत जायचं एवढीच त्यांची धाव. मी विचारलं, मुलांना सांगितलं का? अक्कांनी दाराकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

मुलं दोन. थोरला गणेश सुरतेला, धाकटा किशोर नरडाण्याच्या कारखान्यात. वाईट पोरं नाहीत. दिवाळीला दोघांनी ओट्यावर बसून ठरवलं होतं: दोघं चालतेफिरते आहेत तोवर पाचोऱ्यात राहू देत, पण एक जरी आजारी पडलं, तर दोघांना एकटं ठेवायचं नाही. गणेशचं घर एका खोलीचं, किशोरचंही तेवढंच. म्हणून आई सुरतेला, आबा नरडाण्याला. भांडी वाटतात तसं नाही हो, काळजीनेच ठरवलं. आणि काळजीनेच दोघांना ही घड्याळं आणून दिली. अक्कांनी सहा हजार चालायचं, आबांनी आठ. आकडे रोज घरच्या चौघांना मोबाइलवर दिसणार.

आठवडाभराने अक्का पडल्या.

"मना पाय आते त्यासनाकडेच शेतस," अक्का म्हणाल्या. हसायला गेल्या आणि डोळे पुसू लागल्या. त्यांची सहा हजार पावलं आबा चालत होते.

तेवढ्यात आबा आले. हातावर सपाट धरलेलं गुलाबी घड्याळ. मला खाटेशी बसलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. तपासणीत पोराकडे कॉपी सापडावी तसा.

"मॅडम, कोणले सांगशात का?"

"नाही."

"तिले सुरत, माले नरडाणा," ते म्हणाले. "बेचाळीस वरीस एक घरमा राहिनूत. आते या वयमा माले सवय कशी पडी?"

त्या दिवसापासून मीही घाबरायला लागले. खोटं बोलायची मला सवय नाही. तिरकस बोलायची आहे. गल्लीत मोटरसायकल थांबली की मी खिडकीतून बघायची. व्हिडिओ कॉलच्या वेळी जाऊन अक्कांच्या पाठीशी उशा लावायची, केस विंचरायची, पदर नीट करायची. आबा खाटेचे पाय पडद्यात दिसू नयेत म्हणून मोबाइल धरून असे वाकडे उभे राहायचे, की गणेश तिकडून ओरडायचा, "आबा, नुसता पंखा दिसतोय!"

आणि मग मला ती चूक दिसली. खरं तर फार आधी दिसायला हवी होती. आबांनी मोठ्या अभिमानाने मोबाइलवर अक्कांचा महिन्याचा हिशेब दाखवला. सोमवार सहा हजार. मंगळवार सहा हजार. बुधवार सहा हजार. एक कमी नाही, एक जास्त नाही. घरी नेताना हात हलू न देण्याचं कारण तेव्हा कळलं.

"आबा, असं कुणी चालतं का? माणूस कधी पाच हजार चालेल, कधी सात. पाहुणे आले तर कमी, बाजार असला तर जास्त. उद्या वाकडातिकडा आकडा करा."

आबांनी खूप प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांदेखत केला. सहा हजारांवर त्यांचे पाय माझ्या फाटकापाशी आपोआप थांबले. मी आतून म्हणतेय, "अजून शंभर टाका, शंभर!" पण पाऊल उचलेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाच हजार नऊशे अठ्ठ्याण्णववर थांबवलं, तर दुपारच्या उन्हात गुलाबी घड्याळ घालून पुन्हा निघाले. "मॅडम, दोन राही गयात!"

दोनच दिवसांनी मला शाळेत किशोरचा फोन आला. नंबर आबांनीच अडीअडचणीला म्हणून दिला होता.

"मॅडम, एक विचारू का? आमची आई खरंच चालते ना?"

मधल्या सुट्टीचा गोंगाट चालला होता. मी म्हणाले, "पावलं रोज पडतात." हे खोटं नव्हतं.

"मी रविवारी येतो," तो म्हणाला.

रविवारी पहाटेपासून त्या घरात परीक्षेच्या दिवशीसारखी शांतता होती. आम्ही दोघांनी अक्कांना धरून ओट्यावरच्या खुर्चीत आणून बसवलं. नवं लुगडं, पायांत दिवाळीला घेतलेल्या चपला. आबांनी तीनदा फाटक उघडून बंद केलं. चौथ्यांदा किशोरच आला.

चहा झाला. नरडाण्याच्या उन्हाच्या गोष्टी झाल्या. मग तो उठला आणि म्हणाला, "आई, चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

अक्कांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आबा मध्ये आले. "ती थकी गयी. सकायमाच सहा हजार करी उनी."

किशोर खाली बसला. आईच्या पायातली एक चप्पल त्याने काढली आणि उलटी केली. तळ कोरा होता. दुकानातली चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. गुलाबी घड्याळ आबांच्या उजव्या मनगटावर होतं. घाईत काढायचं राहून गेलं होतं. तेहतीस वर्षांत जे राहिलं नाही ते त्या दिवशी राहिलं.

"किती दिवस झाले?"

आबा साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ उभे होते. "तीन महिने," ते म्हणाले. मग आवाज फुटला. "तिनी काही चूक नही. बठ्ठी मनी शे. माले ने पाहिजे तठे. पण दोन्हीसले एकच जागे ने."

मी माझ्या घरी आले. इतरांच्या घरातलं रडणं बघायला मला जमत नाही, आणि मीही त्यात सामील होते.

सोमवारी सकाळी आबा फिरायला निघाले तेव्हा त्यांच्या हातात एकच घड्याळ होतं. काळं.

नेलं, सुरतेला नेलं. शाळेची पर्स तशीच टाकून मी त्यांच्या घरी धावले. "अक्का!" अशी हाक मारली ती पार स्टेशनपर्यंत गेली असेल.

"काय व्हयनं बाई?" अक्का खाटेवर बसून मेथी निवडत होत्या.

गुलाबी घड्याळ आणि अक्कांचा मोबाइल किशोर घेऊन गेला होता. कारखान्यात त्याला दिवसभर या टोकापासून त्या टोकाला हिंडावंच लागतं. पुढच्या रविवारी तो आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेणार होता. नीट झाली तर ठीक, नाहीतर पुढचं पुढे, आणि दादाला मी वेळ बघून सांगेन, असं म्हणाला होता. जाताना आबांना म्हणाला, "तोवर आईचं मी चालतो."

त्या संध्याकाळी आबांनी माझ्या ओट्यावर बसून मला मोबाइल दाखवला. अक्का: सात हजार तीनशे अकरा. असा वेडावाकडा, खराखुरा आकडा. मी हुश्श म्हटलं.

आबा मात्र उठले, चपला घातल्या आणि रिकामं उजवं मनगट एकदा डाव्या हाताने चाचपून बघितलं.

"आता कुठे, आबा? तुमचे आठ हजार तर झाले."

"मना व्हई गयात," ते म्हणाले. "तिना बाकी शेतस."

"अहो, किशोरने केलेत ना तिचे!"

"लेकरू शे. त्यानं एक राही गयं ते?"

काळं घड्याळ त्यांनी सोडलं, माझ्या फाटकाच्या खिळ्याला अडकवलं, आणि मान खाली घालून स्लीपरच्या मापाने चालू लागले. ही पावलं कुणाच्याच मोबाइलवर दिसणार नव्हती. चार फेऱ्या झाल्या, आणि आबा बरोबर माझ्या फाटकाशी येऊन थांबले.