टॉलिडे बिटरचा हॉप ठरवणारी समिती

लग्न कुणाशी करायचं हे माणूस एका संध्याकाळीत ठरवू शकतो. बिअरमध्ये हॉप कुठला घालायचा, याला मात्र समिती लागते. आमच्या नॅशबरी गावात अशी समिती सहा वर्षं काम करते आहे आणि तिने आजवर एकही निर्णय घाईने घेतलेला नाही. मी तिचा चिटणीस.

हॉपच्या वेलीची हिरवी बोंडं उकळीच्या सुरुवातीला घातली की कडूपणा येतो, शेवटी घातली की वास येतो आणि पिंपात टाकली की वाद येतो. टॉलिडे मंडळींच्या ब्रुअरीत हे तिन्ही नीट जमायचं. ती बंद पडून एकोणीस वर्षं झाली. त्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. तिथली माणसं वाईन पितात. (सुखी असावीत.) टॉलिडेंची बिटर, म्हणजे त्यांची ती कडसर बिअर, पुन्हा प्यायची तर ती आपणच घरी बनवावी, असं गावाने ठरवलं. कृती कुणापाशीच नव्हती. नाक होतं, तेही एकच.

ते एनिड क्रम्प यांचं. वय ब्याऐंशी. टॉलिडेंच्या हॉपच्या कोठारात त्यांनी एकतीस वर्षं काढली. बोंडं तळहातावर चोळायची, हुंगायची आणि हो किंवा नाही म्हणायचं. त्यांच्या एका 'नाही'वर गाड्या परत गेलेल्या आहेत. तेव्हा बिटर जमली की नाही, याचा शेवटचा शब्द एनिडबाईंचा, असा पहिला ठराव झाला.

त्यांचा एकुलता मुलगा रसेल कॅनडात असतो. वडील गेल्यावर त्याने आईसाठी तिथल्या घराला एक खोली जोडून घेतली. एनिडबाई फोनवर त्याला म्हणाल्या, "येते रे. या लोकांची बिटर एकदा जमू दे. माझ्यावाचून अडलंय त्यांचं. जमली की लगेच निघते." रसेल शब्दाचा पक्का आहे. दर रविवारी तो फोन करून विचारतो, "आई, जमली का?" समितीच्या दप्तरात याची नोंद 'बाहेरून आलेली चौकशी' अशी होते.

एनिडबाईंनी गावातच राहावं असं समितीला वाटतं का, हा विषय सभेच्या पत्रिकेवर कधीच आला नाही. हॉपचा येतो.

समितीत पक्ष दोन. अध्यक्ष डेस्मंड पॉयनर, निवृत्त पोस्टमन, फगल जातीच्या हॉपचे; त्याला ओल्या मातीचा वास असतो. ग्लेनिस प्रोबर्ट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, त्या गोल्डिंगच्या, त्याला मधाचा. पण आम्ही इंग्रज असल्यामुळे इथे कुणी स्वतःचं घोडं पुढे दामटत नाही. दुसऱ्याचं दामटतो.

"ग्लेनिस, या खेपेला तुझा गोल्डिंगच घालू या."

"नको रे. तुझ्या फगलला वाईट वाटेल."

"त्याला सवय आहे."

"ती तुझ्याकडे पाहूनच कळते."

अशा अकरा सभांनंतर दोन्ही निम्मे निम्मे घालावेत आणि पिंपात मूठभर गोल्डिंग टाकावा असं ठरलं. ती पहिली खेप. इतिवृत्तात नोंद आहे: एनिडबाईंनी घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जवळ आलंय. पण ती ही नव्हे." उरलेला ग्लास त्यांनी समितीच्या माहितीसाठी संपवला. त्यानंतर आणखी एक, खात्रीसाठी.

त्यानंतर बावीस खेपा झाल्या. हॉपच्या सात जाती वापरल्या. 'जवळ आलंय' हा निकाल पहिल्या खेपेसकट एकवीस वेळा. 'लांब गेलंय' एकदा (अमेरिकन हॉप, एनिडबाईंनी विचारलं, यात कुणाचा मुरंबा सांडलाय का). एकदा त्यांना सर्दी होती, म्हणून निकाल राखून ठेवला. सहा वर्षं आम्ही सतत जवळ येत आहोत. हिशेबाने पाहिलं तर आतापर्यंत पोहोचून पलीकडे निघून जायला हवं होतं.

यंदाच्या सप्टेंबरात रसेल स्वतः आला. हातात विमानाची दोन तिकिटं आणि एक फाइल. टॉलिडेंचा धंदा ज्यांनी घेतला, त्यांच्याकडून त्याने जुन्या कृतीची नक्कल मिळवली होती. ती त्याने सभेत वाचून दाखवली. फगल आणि गोल्डिंग, निम्मे निम्मे. पिंपात मूठभर गोल्डिंग.

अध्यक्षांनी छत पाहिलं. ग्लेनिसबाईंनी अध्यक्षांना पाहिलं. मी इतिवृत्ताची वही मिटली.

"म्हणजे पहिल्याच वेळी जमली होती?" रसेल म्हणाला.

"कागदावर," डेस्मंड म्हणाले.

"मग आणखी कुठे जमायला हवी?"

"तू फार वर्षं बाहेर आहेस, बाळा."

तरीही कागदाचा मान राखून चोविसावी खेप अक्षरशः तशीच घातली. बिअर मुरायला चार आठवडे लागतात, तेवढे दिवस रसेलने तिकिटं पुढे ढकलली. त्या चार आठवड्यांत त्याने आईचं कुंपण नीट केलं. मंगळवारी ती कुणाकडे जाते, गुरुवारी तिच्याकडे कोण येतं, हॉपचे मळेवाले अजून बोंडं चोळायला तिला कसे गाडीत घालून नेतात, आणि परत येताना ती कशी गुणगुणते, हे त्याने पाहिलं. मग त्याने कुंपणाला रंगाचा दुसरा हात दिला. (शेवटी मुलगा इथलाच.)

बिअर मुरल्यावर शनिवारी तीन वाजता गावच्या हॉलवर चव घेतली. एनिडबाईंनी एक घोट घेतला आणि ग्लास मुलाकडे सरकवला.

"आज तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा रविवारी तुला त्यांच्या ग्लासातला घोट द्यायचे. तुझी जीभ खोटं बोलायची नाही."

रसेल प्यायला. हळूहळू, सगळा ग्लास. त्याचे कान लाल झाले.

"वाईट नाही," तो म्हणाला. "पण ती ही नव्हे."

"हॉप जरा जुना असेल," एनिडबाई म्हणाल्या.

"असेल. पुढच्या वर्षी येऊन बघतो."

"ये. तुझी खोली झाडून ठेवते."

पंचविसाव्या खेपेचा ठराव एकमताने मंजूर झाला. रसेल एकटाच परत गेला. रविवारी फोन येतोच.

समितीत एक जागा रिकामी आहे. जुने सभासद हल्ली एकमेकांकडे पाहून हसतात, त्यामुळे चर्चेत गांभीर्य राहत नाही. तेव्हा इथवर वाचूनही ज्यांना हॉपमध्ये नेमकं काय चुकत होतं हेच जाणून घ्यायचं आहे, त्यांनी जरूर यावं. अनुभवाची अट नाही. अशा माणसाकडून गुपित फुटत नाही.