ओला कचरा, सुका कचरा आणि वसंतअण्णा

वसंतअण्णा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले आणि त्यांनी विचारलं, "कचऱ्याचा डबा कुठं आहे?" आम्ही नुकतेच कानडी मुलखात, चामराजपेटेत राहायला आलो होतो आणि अण्णा आमचे शेजारी. माझी बायको मधुरा पुण्याची. तिला तो सरळसरळ अपमान वाटला.

अण्णा मूळचे निपाणीचे, पुरातत्त्वाचे अभ्यासक. कारवारकडच्या लहान लहान बेटांवर फार पूर्वी माणसं रोजचा दिवस कशी काढत, हा त्यांचा विषय. त्यासाठी ते त्या माणसांचे उकिरडे उकरत. शिंपले, माशांचे काटे, फुटकी मडकी. "राजा कोण होता ते मला विचारू नका," ते म्हणत. "दुपारी काय शिजलं ते विचारा. माणूस खोटं बोलतो, उकिरडा न्हाई."

रोज सकाळी कचऱ्याची गाडी आली की अण्णा फाटकाशी हजर. एकदा मला म्हणाले, "वहिनी माहेरी गेल्यात न्हवं? स्वल्प भांडण झालंय."

"कशावरून?"

"कोथिंबिरीच्या काड्या बंद, नूडल्सची पाकिटं चालू. आणि जाताना त्यांनी तुमचं लोणचं ओतून दिलंय की!"

लोणच्याचं मला तेव्हाच कळलं.

तळमजल्यावर सरस्वतीअक्का एकट्या राहायच्या. मुलगी परदेशात. एके सकाळी अक्कांचा डबा बघून अण्णा बोलता बोलता थांबले. भाजीचं देठ नाही, साल नाही, नुसते बिस्किटांचे कागद. सगळा आठवडा तेच.

मग अण्णा त्यांच्या दारात गेले. मी जिन्यातच होतो.

"अक्का, मातीच्या मडक्यात डाळीचं सारू करून बघायचंय. संशोधनाचं काम आहे. मला जमत न्हाई, शिकवता का?"

"एवढा शिकलेला माणूस आणि सारू येत नाही?" अक्का कुरकुरल्या, पण उठून ओट्याशी गेल्या.

त्या दिवशी अण्णांनी मुद्दाम भसाभस मीठ टाकलं. साहजिकच दुसऱ्या दिवशी शिकवणी पुन्हा घ्यावी लागली. आता दोघं रोज दुपारी एकत्रच जेवतात.

"त्याचं कोणी नाही गं," अक्का परवा मधुराला सांगत होत्या. "मी नाही केलं तर उपाशी राहील बिचारा."

मला फार गंमत वाटली. जिन्यात अण्णा भेटले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. वाटलं, तेही हसतील.

अण्णा हसले नाहीत. "खरंच आहे की," म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी माझ्याही डब्यात बिस्किटांचेच कागद असायचे. कुणी बघितलंच न्हाई."

तेवढ्यात खालून हाक आली, "अण्णा, बन्नी, या लवकर! सारू गार होतंय!"

"सरी, सरी, आलोच," म्हणत अण्णा कठडा धरून भराभर खाली उतरले.